गाडी वाजली तेव्हा मी दादरला होते

प्रिय मामा,

दुकानातल्या तुझ्या फोटोला हार घालायचं मी बंद केलंय. मामीला वाटतं, कामाच्या गडबडीत विसरते. ती स्वतःच येते, स्टुलावर चढते, हार घालते आणि जाते. मी तेव्हा मान खाली घालून कुठलीतरी वायर सोलत बसते.

या महिनाअखेर मी दुकान सोडतेय. तुझ्या निलेशला सांगितलं, मामीला सांगितलं. आईला सांगितलं तर ती रडली. भावाच्या माघारी असं करतेस, म्हणाली. उरलास तू. तुला न सांगता जाणं मला जमत नाही, आणि फोटोसमोर उभं राहून बोलणंही जमत नाही. म्हणून लिहायला बसले.

तुला आठवतं, मी दुकानात कशी आले? बाबा गेलेले, आई संध्याकाळपर्यंत कामावर, आणि शाळा सुटल्यावर डिलाईल रोडच्या त्या खोलीत एकटं बसायला मी घाबरायचे. तू मला काउंटरच्या आत घेतलंस. गप्प बसावं म्हणून एक मेलेला रेडिओ हातात दिलास आणि म्हणालास, उघड आणि बघ आत काय आहे ते. पुढे कथलाचा डाग द्यायला तूच शिकवलंस. मी घाईने फुंकर मारायचे, तर माझ्या डोक्यावर टपली मारून म्हणायचास, "फुंकू नको. थंड व्हायला त्याला त्याचा वेळ दे."

रेडिओ गेले, कारटेप आले, मग वूफर आणि अँप. तू थकत गेलास आणि माझे हात तयार होत गेले. गिऱ्हाईक माझ्याकडे बघून विचारायचं, शेठ कुठायत? तू आतून ओरडायचास, "तिलाच सांगा. शेठ तीच आहे." मला वाटायचं, जगात माझ्या बाजूने एक माणूस उभा आहे. अंधेरीच्या कंपनीतली नोकरी चालून आली तेव्हा तू फक्त एवढंच म्हणालास की तू गेलीस तर मी शटर खाली ओढतो. मी गेले नाही. तू अडवलं नव्हतंस, हे खरं. पण तुझ्या त्या एका वाक्यावर मी राहिले, हेही खरं.

म्हणूनच हे सगळं मला इतकं लागलं. दुसऱ्या कुणी केलं असतं तर शिवी घालून मोकळी झाले असते.

तुझ्या जुन्या ओळखीचे सेबी अंकल पहिल्यांदा दुकानात आले तो दिवस माझ्या डोळ्यांसमोर आहे. गिरगावातून टॅक्सीने आले होते, काठी टेकत. तू त्यांना खुर्ची दिलीस, मला चहा सांगायला पाठवलंस. मी परत आले तेव्हा ते त्यांच्या वडिलांच्या गाडीबद्दल बोलत होते. काळी, बाकदार मडगार्डची, बाजूला पायदान असलेली ती गाडी. वडील डॉक्टर होते आणि त्याच गाडीतून घरोघरी पेशंट बघायला जायचे. मुलाने पण डॉक्टर व्हावं अशी त्यांची इच्छा. मुलगा झाला वादक. माणसाच्या उंचीचं, खर्जात वाजणारं ते डबल बेस घेऊन सिनेमाच्या गाण्यांच्या रेकॉर्डिंगला जायला लागला.

ते म्हणाले होते, गाडीतल्या रेडिओवर आपलं गाणं लागलं की मी पप्पांना सांगायचो, हे बघा, यात मी आहे. पप्पा कान देऊन ऐकायचे. गाणारी बाई ऐकू यायची, व्हायोलिनं ऐकू यायची. त्या चिमूटभर स्पीकरमधून बेस कुठून बाहेर येणार? पप्पा म्हणायचे, "कुठे आहेस तू? मला तर ऐकू येत नाहीस." आणि ते तसेच गेले, न ऐकता.

 मग अंकलनी तुला विचारलं होतं की त्याच गाडीत बसून मला मी ऐकू येईन, असं काही करता येईल का? पण पप्पांच्या गाडीला एक भोक पाडायचं नाही. तू म्हणालास, विचार करून सांगतो. ते गेल्यावर तू माझ्याकडे वळलास. "वैशू, होईल?"

मी म्हटलं, होईल.

ती गाडी आपण गल्लीतल्या शेडमध्ये ठेवली. आणायचं-न्यायचं काम निलेशचं, कारण स्टिअरिंगला लावलेला तो गिअर माझ्या हाताला बसत नव्हता. तुझा लेक तेव्हा तिसरी नोकरी सोडून घरी आला होता, दिवसभर मोबाईल घेऊन पडलेला असायचा. गाडी शेडमध्ये लावली की जायचा. पुढचं सगळं माझं होतं. गाडीची जुनी सहा व्होल्टची बॅटरी अँपला चालणारी नव्हती, तर डिकीत दुसरी बॅटरी वेगळी बसवली. मागच्या सीटच्या पाठीत पत्राच नाही, नुसता काथ्या आणि कापड, हे हात घालून बघितलं तेव्हा मला नाचावंसं वाटलं होतं. म्हणजे डिकीतला बेस आरपार आत येणार! डिकीच्या उतारासारखी तिरकी वूफरची पेटी प्लायवूडमध्ये कापली. एकदा चुकली, दुसऱ्यांदा चुकली, तिसऱ्यांदा बसली. स्क्रू न मारता, नुसत्या जाड लोकरी फेल्टच्या पाचरींवर. काचा थरथरायच्या, त्यांच्या खाचांत फेल्ट भरलं. डॅशबोर्डवरचा जुना रेडिओ होता तिथेच ठेवला, आणि खरा प्लेअर कप्प्यात लपवला.

तू येऊन बघायचास. पेटीवरून हात फिरवायचास. एकदा म्हणालास, मला हे सुचलं नसतं. मामा, ते वाक्य मी किती दिवस जपलं होतं, तुला कल्पना आहे?

आणि मग तो दिवस आला. अंकल येणार होते. त्यांच्या भाच्याने जुन्या गाण्यांचा पेन ड्राईव्ह पाठवला होता, मी तो आधीच लावून ठेवला होता. मी नवा कुर्ता घातला होता. हो, घातला होता. तू दरवाजाचा रबर चेपून बघितलास आणि म्हणालास, हा कडक झालाय, खडखडेल, दादरहून नवा घेऊन ये. मी म्हटलं, तो मी तपासलाय, काही होत नाही. तू म्हणालास, जा ना गं, अंकल यायला वेळ आहे.

मी गेले. दादरला तीन दुकानं फिरले, हवा तो रबर मिळाला नाही, म्हणून आणखी पुढे गेले. धावतपळत परत आले तर शेड रिकामी. तू स्टुलावर बसला होतास. म्हणालास, अंकल लवकर आले, त्यांना थांबवेना, निलेश गाडी घेऊन त्यांना सोडायला गेलाय. मी विचारलं, ऐकलं त्यांनी? तू म्हणालास, "रडला गं म्हातारा. पोरासारखा रडला."

तेवढ्यावर मी खूश झाले! रात्री आईला सांगितलं. पुढे कितीदा तुला खोदून खोदून विचारलं, कुठे बसले होते, काय म्हणाले, आधी कुठलं गाणं लागलं? तू प्रत्येक वेळी थोडं सांगायचास आणि विषय बदलायचास. मला वाटायचं, तुला कढ येतो. कसली भाबडी मी!

पुढच्या उन्हाळ्यात निलेशचं लग्न झालं, गिरगावच्या प्रज्ञाशी. चांगली मुलगी आहे. मी करवली म्हणून मिरवले. सेबी अंकल लग्नाला आले होते, पण त्या गर्दीत माझं त्यांच्याशी बोलणं झालं नाही. झालं नाही, का होऊ दिलं नाहीस, हे आता मला ठरवता येत नाही. बघ, काय करून ठेवलंस तू. आता मला जुन्या प्रत्येक गोष्टीबद्दल शंका येते.

मग तू गेलास. दुकानातच, बोलता बोलता. मी तुझं डोकं मांडीवर घेतलं होतं. त्याबद्दल आज लिहीत नाही. तो दुसरा रडू यायचा विषय आहे आणि मला आज रडायचं नाहीये.

तुझ्या तेराव्याला सेबी अंकल आले. मी पंगतीत वडे वाढत होते. त्यांनी निलेशला जवळ घेतलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "तुझ्या पप्पांनी मला शब्द दिला होता, माझा मुलगा तुमची गाडी बोलती करेल. तू केलीस. आणि त्या दिवशी माझ्या बाजूला बसून माझा हात धरलास. मी ते विसरणार नाही."

मी निलेशकडे बघितलं. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. मी वाढत राहिले. कोणाच्या पानात काय पडत होतं, मला दिसत नव्हतं. डोळ्यांसमोर फक्त दादरचं ते दुकान होतं, आणि मी काउंटरवर हात टेकून विचारत होते, जरा मऊ रबर आहे का?

म्हणजे अंकल लवकर आले नव्हतेच ना, मामा? ते ठरल्या वेळीच आले होते. लवकर तर तू मला पाठवलंस.

माणसं पांगल्यावर मी मामीला स्वयंपाकघरात गाठलं. ती भांडी आवरत राहिली. मग पदराला हात पुसत म्हणाली, "झीलाचा लगीन जमत नाय होता गो. म्हणान केल्यानी तेंनी." लेकाचं लग्न जमावं म्हणून! प्रज्ञाचे वडील अंकलच्या शेजारच्या वाडीतले. मुलाची चौकशी करायला ते अंकलकडेच जाणार, हे तुला माहीत होतं. मुलगा काय करतो? तर बघा, माझ्या वडिलांच्या गाडीत त्याने काय करून दाखवलंय. एवढं अंकलनी म्हटलं की झालं. झालंही तसंच.

मी मामीला विचारलं, मला का नाही सांगितलं? ती म्हणाली, ते म्हणायचे, वैशू आपलीच आहे, ती समजून घेईल.

समजून घेईल! कधी घेणार होते? कळल्यावर ना? मग कळू का नाही दिलंस?

मी खूप विचार केला की तू विचारलं असतंस तर मी काय म्हटलं असतं. निलेशचं लग्न आहे, घे माझं काम, असं म्हटलं असतं का? खरं सांगू, कदाचित नसतं म्हटलं. भांडले असते. आणि तुला ते माहीत होतं. म्हणूनच तू विचारलं नाहीस. तू मला चांगलं ओळखत होतास, हेच जास्त दुखतं.

बापाने मुलासाठी खोटं बोलावं, हे मला कळतं. पण गिऱ्हाइकांना ओरडून 'शेठ तीच' म्हणणारा माणूस, खरी वेळ आली तेव्हा तिला रबर आणायला पाठवतो? मग ते ओरडणं काय होतं रे? किरकोळ गिऱ्हाइकांपुरतं होतं?

मी कुणाला काही बोलले नाही. तुझं दिवसकार्य ताजं होतं, मामीचे डोळे सुकले नव्हते. दुकान निलेशच्या नावावर झालं, ते व्हायचंच होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण गणपतीनंतर निलेशला अंकलचा फोन आला. गाडीतून खरखर येतेय, ये आणि बघ. तो माझ्याकडे आला. काउंटरवर बोट घासत उभा राहिला. म्हणाला, वैशूताई, माझ्यासोबत येशील? त्यांना सांगेन, मदतीला आणलंय.

मी हो म्हटलं. का म्हटलं? मला माझी पेटी बघायची होती. बस, तेवढंच.

गिरगावातल्या त्या वाडीत, अंकलच्या घराच्या बाजूला गाडी उभी होती. पुसून लखलखीत ठेवलेली. अंकल व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले आणि निलेशशी बोलू लागले. मी डिकी उघडून आत शिरले. दमट हवेने पेटीचा एक सांधा फुगून सुटला होता, तिथून हवा गळत होती. मोठं काही नव्हतं. मी फेव्हिकॉल भरत होते आणि बाहेर अंकल निलेशला विचारत होते, तू ही पेटी अशी तिरकी का केलीस रे? निलेश काहीतरी पुटपुटला. अंकल हसले. म्हणाले, "तुझी असिस्टंट कामाची दिसते. पाय तेवढे बाहेर आहेत, बाकी सगळी आत."

मी बाहेर आले. हात पुसले. ठरवलं असं काही नव्हतं.

"अंकल, ही पेटी मी बनवलीय. सगळी गाडी मीच केलीय. निलेश फक्त ती चालवायचा."

अंकलनी निलेशकडे बघितलं. तो खोटं बोलू शकला असता, मामा. तुझ्या माघारी तुझा शब्द राखू शकला असता. त्याने मान हलवली. "हो, अंकल. तिनेच केलीय." आणि व्हरांड्याच्या पायरीवर बसला, जणू कुणी त्याच्या खांद्यावरचं ओझं उतरवून घेतलं.

 मला वाटलं, आता अंकल माझं कौतुक करतील. त्यांनी ते केलं नाही. ते म्हणाले, "मग तुझ्या मामाने मला खोटं का सांगितलं? मी त्याला किती वर्षं ओळखत होतो."  दर रविवारी चर्चमध्ये ते निलेशच्या नावाने मेणबत्ती लावायचे, हे त्यांनी मग सांगितलं. "आता देवाला काय सांगू, बाय? नाव चुकलं म्हणून?"

 याचं उत्तर तुझ्याकडे आहे का? मला वाटत होतं, तू फक्त मला फसवलंस. त्या म्हाताऱ्या माणसाचा हात त्याच्या पप्पांच्या गाडीत कुणीतरी धरला होता, आणि तो हातही तू चुकीचा दिलास.

मी सांध्याला क्लॅम्प लावला. तो वाळायला थांबलो. आतून त्यांच्या बायकोने भाजलेल्या पावाच्या चकत्या आणि चहा पाठवला. मग अंकल उठले, ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडून आत बसले आणि मला म्हणाले, ये. मी त्यांच्या बाजूला बसले. त्यांनी कप्पा उघडून गाणं लावलं. एक जुनं, संथ गाणं. आधी व्हायोलिनं आली, मग बाईचा आवाज, आणि त्या सगळ्याखालून पाठीतून वर येत गेला तो बेस. जाड, मऊ, शांत. सीट हलत नव्हती, काच वाजत नव्हती. फक्त छातीत कळत होतं, कुणीतरी हे सगळं गाणं खालून धरून उभं आहे.

"हा मी," अंकल म्हणाले. मग म्हणाले, "आणि ही तू."

छान होतं, मामा. खूप छान होतं. पण ते रडले नाहीत. का रडतील? त्यांनी तर हे कितीदा ऐकलंय. जे पहिल्यांदा झालं ते माझ्या गैरहजेरीत होऊन गेलं होतं. अंकल प्रेमाने वागले, पण ती वेळ परत आणून देणं त्यांच्याही हातात नव्हतं. मी शेजारी बसून ऐकत होते आणि तुझा मला इतका राग येत होता की गाणं संपेपर्यंत मी बाहेरच बघत राहिले.

परत येताना निलेश म्हणाला, प्रज्ञाला कळेल. मी म्हटलं, माझ्याकडून नाही कळणार, तूच सांग. त्याने त्याच रात्री सांगितलं. चार दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी दुकानात आली, माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "ताई, मी ह्यांच्याशी त्या गाडीसाठी लग्न केलं नाही. पण बाबांनी त्या गाडीसाठी होकार दिला. आता बाबांना काय सांगू, ते मला कळत नाही." बिचारी. तिच्याही गळ्यात तू हे घातलंस.

निलेश म्हणतो, बोर्डावर तुझं नाव टाकू. मनापासून म्हणतो, मला कळतं. पण मला तुझ्या बोर्डावर नको आहे ते नाव. ज्या दिवशी ते तुझ्या तोंडी यायला हवं होतं, तो दिवस गेला. परळला एका गॅरेजवाल्याने मागची जागा दिलीय. जुन्या गाड्यांचं काम करायचं, एवढंच ठरलंय; रविवारी तिथे जायलाही लागलेय. सेबी अंकलनी त्यांच्या ओळखीच्या एका म्हाताऱ्याला माझ्याकडे धाडलं. त्याने माझ्याकडे बघून विचारलं, फिटर कुठाय? आतून ओरडायला कुणी नव्हतं. मीच सांगितलं.

तुला माफ केलंय, असं लिहून हे संपवता आलं असतं. आई वाचेल तर तिला बरं वाटेल. पण मी केलेलं नाही. तुझी आठवण येते आणि राग येतो, दोन्ही एकाच वेळी येतात, आणि कुठलंच आधी जात नाही.

एक वचन मात्र देते. त्या म्हाताऱ्याने काम बघितलं आणि विचारलं, हे कुठे शिकलात? क्षणभर वाटलं, म्हणावं, माझं मीच. तुझं नाव गाळायला काय लागत होतं? एक श्वास. मामा, मी ते गाळलं नाही. मी म्हटलं, माझ्या मामाने शिकवलं, डिलाईल रोडला त्याचं दुकान होतं. यापुढेही जो विचारेल त्याला हेच सांगेन, तुझ्या नावासकट. रागात असले तरी सांगेन. तू माझं केलंस ते मी तुझं करणार नाही.

तुझ्यावर रागावलेली, तुझीच,
वैशाली